पहिली चिठ्ठी नीट लिहून घ्या: नाकाचं ऑपरेशन, मेडिक्लेम आणि तुमचे प्रश्न

गेल्या महिन्यात या सदरात नाकाच्या ऑपरेशनबद्दल दोनच ओळी लिहिल्या होत्या, की श्वासासाठी केलेलं ऑपरेशन मेडिक्लेममध्ये बसतं आणि नाक छान दिसावं म्हणून केलेलं बसत नाही, तर त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की या वेळचं अख्खं सदर त्यालाच द्यावं लागलं. नवीन वाचकांसाठी सांगते, मी डॉक्टर नाही. कोल्हापुरातल्या एका हॉस्पिटलात मेडिक्लेमच्या टेबलावर चौदा वर्षं काम करतेय, फाईली लावते, क्वेरीला उत्तरं देते, त्यामुळं कागदाचं मला कळतं, आणि नाकाच्या आतलं जे काही खाली लिहिलंय ते आमच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवून मगच लिहिलंय.

प्रश्न: ताई, मी २३ वर्षांचा, शिवाजी पेठेत राहतो, फुटबॉल खेळतो. तीन वर्षांमागं मॅचमध्ये हेडला उडी मारली आणि समोरच्याचं कोपर नाकावर बसलं. लै रक्त आलं, त्याच रात्री कॅज्युअल्टीत दाखवलं, एक्सरे काढला, सूज उतरल्यावर या म्हणाले आणि मी काय परत गेलो नाही. आता नाक डावीकडं वळलंय आणि उजव्या बाजूनं श्वास जवळजवळ नाहीच, दुसऱ्या हाफला तोंड उघडं टाकून पळायला लागतंय. डॉक्टर म्हणाले नुसता आतला पडदा सरळ करून भागणार नाही, बाहेरचं हाडपण सरळ करायला लागेल, सेप्टोरायनोप्लास्टी. कॅशलेसला पाठवलं तर कॉस्मेटिक म्हणून नाकारलं. वडिलांची फॅमिली पॉलिसी २०१६ पासून चालू आहे. घरात सगळे म्हणतात सोड आता, कंपनी पैसे देत नसते. काय करू?

उत्तर: भावा, सोडायचं नाही. तुझी केस चांगली आहे, कागद वाईट आहे, आणि कागद दुरुस्त करता येतो.

तू प्री-ऑथ फॉर्मचा, म्हणजे ऑपरेशनआधी मंजुरीसाठी हॉस्पिटल कंपनीला पाठवतं त्या फॉर्मचा, फोटो पाठवलास ते बरं केलंस. त्यात निदानाच्या रकान्यात काय लिहिलंय ते परत एकदा बघ. 'एक्स्टर्नल नेझल डिफॉर्मिटी, ॲडव्हाइज्ड रायनोप्लास्टी', म्हणजे नाक बाहेरून बेढब, नाकाच्या आकाराचं ऑपरेशन करा, बास एवढंच. श्वास घेता येत नाही याचा एक शब्द नाही, मार लागल्याचा एक शब्द नाही, आतला पडदा वाकडा आहे हेसुद्धा नाही. आता तिकडं कंपनीच्या टेबलावर बसलेल्या माणसानं तुझं नाक बघितलेलं नसतं, तुला दुसऱ्या हाफला पळताना तर नाहीच नाही, त्याच्या समोर हा एक फॉर्म असतो आणि त्यावर रायनोप्लास्टी हा शब्द दिसला की तो कॉस्मेटिकचा शिक्का मारून मोकळा होतो. डॉक्टरांची घाई मी समजू शकते, बाहेर चाळीस पेशंट बसलेले असतात, पण तो रकाना भरताना दोन मिनिटं गेली असती तर तुझे दोन महिने वाचले असते.

नियम काय आहे ते नीट समजून घे, कारण पुढं तुला तोच दाखवायचाय. कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरी मिळणार नाही हे कलम सगळ्या कंपन्यांच्या पॉलिसीत एकसारखंच आहे, आठ नंबरचं एक्सक्लूजन, पण ते तिथं संपत नाही. अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यानंतर केलेली पुनर्रचना असेल तर ती चालते, आणि तब्येतीला असलेला थेट धोका काढण्यासाठी वैद्यकीय गरज म्हणून केलेलीसुद्धा चालते, फक्त ती गरज आहे असं उपचार करणाऱ्या डॉक्टरनं लिहून द्यावं लागतं. तुझं नाक खेळताना मार बसून मोडलंय. म्हणजे तू थेट त्या अपवादात बसतोस. (आणि पुनर्रचना हा काय आजचा लाड नाही. १७९४ साली लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये कावसजी नावाच्या एका मराठा गाडीवानाची हकीकत छापून आली होती, टिपूच्या कैदेत त्याचं नाक कापलं गेलेलं आणि पुण्याजवळच्या एका जाणत्या माणसानं कपाळाची कातडी फिरवून ते परत बसवलं, आणि ते वाचूनच तिकडचे सर्जन हे काम शिकायला लागले. मोडलेलं नाक परत उभं करणं आणि चांगलं नाक अजून चांगलं करणं यातला फरक तेव्हाच्या लोकांनापण कळत होता.)

आता कामाला लाग. पहिलं, तीन वर्षांपूर्वीचा कॅज्युअल्टीचा केस पेपर. तुझ्याकडं नसला तर त्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात तारीख आणि नाव देऊन अर्ज कर, कॉपी मागायचा तुला हक्क आहे. एक्सरेचा रिपोर्ट मिळाला तर सोन्याहून पिवळं. तो एक कागद सिद्ध करतो की हे नाक जन्माचं वाकडं नाही. दुसरं, आत्ताच्या डॉक्टरांकडनं दुर्बिणीच्या तपासणीचा रिपोर्ट, सीटी स्कॅन केला असेल तर तो, आणि समोरून, दोन्ही बाजूंनी, खालून असे फोटो. तिसरं, स्प्रे वगैरे औषधं किती आठवडे घेतली आणि उपयोग झाला नाही ते, तारखेच्या चिठ्ठ्यांसह. कंपनी हे हमखास विचारते.

आणि चौथं सगळ्यात महत्त्वाचं, डॉक्टरांचं पत्र. त्यात नुसतं मेडिकली नेसेसरी असं लिहून चालत नाही, का ते लिहायला हवं. नुसता पडदा सरळ करून का भागणार नाही? तर बाहेरचं हाड एका बाजूला झुकलेलं राहिलं तर आतला पडदा परत त्याच बाजूला ओढ खातो. दुसरं म्हणजे नाकपुडीच्या थोडं आत जी सगळ्यात अरुंद जागा असते, डॉक्टर तिला व्हॉल्व्ह म्हणतात, ती बाहेरचा आधार गेल्यावर श्वास ओढताना चक्क मिटते. तू स्वतः करून बघ, नाकाशेजारी गालावर बोट ठेव आणि गाल हळूच कानाच्या दिशेनं ओढ, श्वास एकदम मोकळा झाला तर अडचण तिथंही आहे. डॉक्टर ही तपासणी करतातच, पण चिठ्ठीवर लिहीत नाहीत, ती लिहून घे. अजून एक पाच प्रश्नांचा छोटा फॉर्म असतो, नाक चोंदणं, बंद होणं, श्वासाला त्रास, झोपेचा त्रास, व्यायाम करताना हवा कमी पडणं, प्रत्येकाला शून्य ते चार मार्क आणि बेरजेला पाचनं गुणून शंभरपैकी आकडा. ऑपरेशनआधी तो भरून फाईलला लाव. त्रास होतोय म्हणणं वेगळं आणि शंभरपैकी ऐंशी असं कागदावर असणं वेगळं.

कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम नाकारला असं होत नाही हे आपल्याकडं नव्वद टक्के घरांत माहीतच नसतं. सगळे कागद लावून हॉस्पिटलकडनं प्री-ऑथ परत पाठवता येतं, नाहीतर पैसे भरून ऑपरेशन करायचं आणि नंतर रिइम्बर्समेंटला फाईल टाकायची. टीपीए, म्हणजे कंपनीसाठी क्लेमच्या फाईली बघणारी संस्था, हा नुसता मध्यस्थ, शेवटचा निर्णय विमा कंपनीचा. आणि नाकारताना पॉलिसीतल्या कुठल्या कलमाखाली नाकारलं ते लेखी द्यायलाच लागतं, फोनवर नाही म्हणाले हे ऐकून घ्यायचं नाही.

तरीही नाहीच म्हणाले तर कंपनीच्या तक्रार विभागाला मेल कर आणि विमा नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाक, १५५२५५ हा टोल फ्री नंबर आहे. महिनाभरात उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही तर विमा लोकपाल. आपल्या जिल्ह्याला पुण्याचं ऑफिस लागतं. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचं प्रकरण चालतं, फक्त कंपनीच्या शेवटच्या नकारापासून एक वर्षाच्या आत जायला पाहिजे. लोकपालांनी दिलेला निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो.

ज्यांची पोरं फुटबॉल खेळतात किंवा तालमीत जातात त्यांच्यासाठी एक गोष्ट इथंच लिहिते. नाकावर मार बसला तर सूज उतरल्यावर आठवडाभरात परत दाखवायला जायचंच, कारण मोडलेलं हाड बाहेरूनच हलवून जागेवर बसवायला साधारण एक ते दोन आठवडेच मिळतात, लहान मुलांत त्याहून कमी, नंतर ते तसंच जुळतं आणि मग मोठं ऑपरेशन. आणि मार लागल्यावर नाक दोन्हीकडनं गच्च बंद झालं, आत पडद्यावर मऊ फुगा दिसला, तर थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर. ते आत साठलेलं रक्त असतं, काढलं नाही तर कूर्चा, म्हणजे पडद्यातलं मऊ हाड, मरते आणि नाक मधनं खाली बसतं.

प्रश्न: मी राजारामपुरीत राहते, वय ३८, शाळेत शिक्षिका आहे. माझ्या नाकाचं हाड वाढलंय आणि आत मांसपण वाढलंय असं सांगितलंय, ऑपरेशन करा म्हणतात. दोन वर्षं रोज रात्री नाकात थेंब टाकल्याशिवाय झोपच येत नाही. आरोग्य संजीवनी पॉलिसी काढून १४ महिने झालेत. पॉलिसीच्या यादीत नाकाच्या हाडाचं नाव कुठं दिसलं नाही म्हणून मी निर्धास्त होते, पण कंपनीनं दोन वर्षं थांबा म्हणून कळवलं. एजंट म्हणतात बाथरूममध्ये पडून नाकाला लागलं असं डॉक्टरांकडनं लिहून घ्या, मग अट लागत नाही. तसं करावं का?

उत्तर: नाही ताई, अजिबात करू नका. अपघाताला वेटिंग पीरियड, म्हणजे पॉलिसी काढल्यावर थांबायची मुदत, लागत नाही हे एजंटचं म्हणणं खरं आहे, म्हणून तर हा सल्ला इतका गोड वाटतो. पण सीटी स्कॅनमध्ये जुना वाकलेला पडदा (हाड वाढलंय म्हणतात ते हेच) आणि नवा मार यातला फरक दिसतो, आणि खोटं उघडं पडलं तर हा क्लेम जाईलच, पॉलिसीसुद्धा रद्द होऊ शकते आणि पुढं दुसरी कंपनी घ्यायला तयार होत नाही. सलग ६० महिने पॉलिसी चालली की कंपनीला जुन्या माहितीवरून क्लेम अडवता येत नाही असं जे संरक्षण आहे ना, तेसुद्धा फसवणुकीला लागू नाही. दहा महिन्यांसाठी एवढं पणाला लावायचं नसतं.

यादीत नाव दिसलं नाही याचं कारण तिथं 'बिनाइन ईएनटी डिसऑर्डर्स' असं मोघम लिहिलेलं असतं. कान, नाक, घशाचे कॅन्सर सोडून बाकीचे आजार त्याच्यात आले, तुमचं नाकाचं हाडपण. त्याला २४ महिने. तुमचे १४ झालेत, राहिले १०. या १० महिन्यांत एकच करा, रिन्यूअल एक दिवससुद्धा चुकवू नका. दुसऱ्या कंपनीत जायचं मनात असेल तर पोर्ट करून, म्हणजे चालू पॉलिसीच तिकडं नेऊन, जा, नवीन पॉलिसी काढून नाही, म्हणजे झालेले १४ महिने मोजले जातात, आणि त्यासाठी रिन्यूअलच्या दीड महिना तरी आधी अर्ज टाकावा लागतो. शाळेची ग्रुप पॉलिसी असेल तर तीपण एकदा काढून वाचा, बऱ्याच ग्रुप पॉलिसीत ही थांबायची अट माफ असते आणि लोकांना पत्ताच नसतो.

आता ते थेंब. तुमच्या पत्रातलं मला खरं काळजीचं तेच वाटलं. नाक पटकन मोकळं करणारे जे थेंब असतात, झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन ही नावं बाटलीवर बारीक अक्षरांत बघा, ते पाच-सात दिवसांच्या वर टाकायचे नसतात. त्यानंतर तेच थेंब आतली सूज वाढवायला लागतात, मग परत थेंब, परत सूज, आणि माणसाला वाटतं हाडच वाढलंय. तुमच्या नाकात पडद्याचा भाग किती आणि थेंबांनी आणलेली सूज किती हे थेंब सुटल्याशिवाय कळणारच नाही. डॉक्टरांना दोन वर्षांचं सगळं स्पष्ट सांगा, लाजायचं काय त्यात, आमच्याकडं आठवड्याला दोन-तीन पेशंट असे येतात. बहुतेक स्टेरॉइडचा रोजचा स्प्रे आणि खाऱ्या पाण्यानं नाक धुणं देऊन थेंब हळूहळू बंद करायला सांगतील. स्प्रे थेंबांसारखा लगेच काम करत नाही, त्याला आठवडे लागतात, म्हणून लोक चार दिवसांत सोडतात. मारताना उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हातानं उजव्या नाकपुडीत मारा, म्हणजे फवारा मधल्या पडद्यावर न जाता बाहेरच्या बाजूला जातो, पडद्यावर गेला की रक्त येतं. दहा महिन्यांत एवढ्यानंच बरं वाटलं तर ऑपरेशन नकोच, आणि नाही वाटलं तर औषधं करून बघितल्याचा पुरावा आपोआप तयार झाला.

प्रश्न: माझा सेप्टोप्लास्टीचा, म्हणजे नाकातला पडदा सरळ करायच्या ऑपरेशनचा, क्लेम प्री-एक्झिस्टिंग (पॉलिसीच्या आधीचा आजार) म्हणून रिजेक्ट झाला. पॉलिसीला दोन वर्षं सात महिने झालेत. डिस्चार्ज कार्डवर लहानपणापासून त्रास असं लिहिलंय. मी असं कधी बोललोच नव्हतो. (उद्यमनगरातून एक वाचक)

उत्तर: दादा, तुमचं पत्र वाचून मला माझ्या धाकट्या भावाची फाईल आठवली. २०१९ साली त्याचं हेच ऑपरेशन झालं, दुसऱ्या एका हॉस्पिटलात. ॲडमिट होताना शिकाऊ डॉक्टर हिस्ट्री लिहायला आले, विचारलं कधीपासून त्रास आहे, आईनंच कौतुकानं सांगितलं की हा लहानपणापासनंच सर्दीचा, पावसाळा आला की याचं नाक वाहतंय. झालं, त्यांनी लिहिलं 'नेझल ऑब्स्ट्रक्शन सिन्स चाइल्डहुड'. निळ्या पेनानं चार शब्द. तेच पुढं डिस्चार्ज कार्डवर टाईप झालं, मी ते कार्ड हातात घेतलं, बिलाचा आकडा बघितला आणि घडी घालून पर्समध्ये टाकलं. मी, जी दिवसभर हेच काम करते. क्लेम नाकारला गेला तेव्हा कुठं ती ओळ वाचली. आई आठवडाभर नीट जेवली नाही, तिला वाटत राहिलं की आपल्या तोंडानं पोराचे पैसे गेले.

खरं तर सर्दी होणं आणि नाक बंद असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भावानं नाकासाठी पहिल्यांदा डॉक्टरला दाखवलं ते ऑपरेशनच्या आठ महिने आधी. आम्ही ती पहिली चिठ्ठी शोधली, सर्जननी पत्र दिलं की बालपणातला त्रास साध्या सर्दीचा होता आणि पडद्याचं निदान अमुक तारखेला पहिल्यांदा झालं, ते सगळं लावून फेरविचाराला पाठवलं आणि पाच महिन्यांनी पैसे आले.

तुम्हीपण तेच करा. प्री-एक्झिस्टिंगची व्याख्या अशी आहे की पॉलिसी सुरू व्हायच्या आधीच्या ३६ महिन्यांत ज्याचं निदान झालंय किंवा ज्यासाठी डॉक्टरचा सल्ला वा उपचार घेतलाय तो आजार. म्हणजे नुसतं लहानपणापासून लिहिलंय एवढ्यावर भागत नाही, तेव्हा निदान झालं होतं का हा प्रश्न आहे. तुमची पहिली चिठ्ठी पॉलिसीनंतरची असेल तर ती काढा, हॉस्पिटलकडनं दुरुस्तीचं पत्र घ्या, त्यावर सही, शिक्का, तारीख. पण एक सांगते, पॉलिसीच्या आधी खरंच कुठं दाखवलं असेल तर ते लपवून पत्र मागू नका, डॉक्टरही अडचणीत येतात. तसं असेल तर आधीच्या आजारासाठी थांबायचे ३६ महिने पूर्ण व्हायला तुमचे पाचच महिने राहिले होते, हे ऑपरेशनआधी कुणीतरी सांगायला हवं होतं. वाईट वाटतं.

प्रश्न: शिरोलीत फाउंड्रीत कामाला आहे, कंत्राटी, पगार १८,५०० हातात येतोय त्याहून कमी. शेकआऊटला असतो, साच्याची वाळू झाडून कास्टिंग काढतात तिथं, वाळूची धूळ. नाक कायम चोंदलेलं, हाड वाकडं सांगितलंय. मेडिक्लेम नाही. ऑपरेशन परवडंल का नाही तेवढं सांगा.

उत्तर: दादा, पगाराची स्लिप काढा आणि कपातीत ईएसआयचे, म्हणजे सरकारी कामगार विम्याचे, १३९ रुपये दिसतायत का बघा. २१,००० पर्यंत पगार असणाऱ्याचे पाऊण टक्का कापतात, मालक सव्वातीन टक्के भरतो, कंत्राटदार असला तरी भरावेच लागतात. कापत असतील तर तुमचा विमा आहे, तुम्हाला फक्त कार्ड कुणी दिलेलं नाही. कंत्राटदाराकडं इन्शुरन्स नंबर मागा, दवाखान्यात नोंदवा, तिथून ईएसआयच्या हॉस्पिटलला चिठ्ठी मिळते. बायकोमुलांनापण त्यातच उपचार आहेत. ऑपरेशननंतर घरी बसाल त्या दिवसांचा ७० टक्के पगारही मिळतो, हप्ते पुरेसे भरलेले असले तर, म्हणून डॉक्टरांकडनं रजेचा दाखला न विसरता घ्या.

ईएसआय कापतच नसतील तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन सीपीआरला, कोल्हापुरातल्या सरकारी हॉस्पिटलला, जा आणि आरोग्यमित्राच्या टेबलावर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन कुठं आणि कसं बसेल ते विचारा, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. पैसे भरायच्या आधी विचारा. आणि धुळीत रुमाल बांधून काम करू नका, रुमालातनं बारीक वाळू आत जातेच, ती नाकावर थांबत नाही, फुफ्फुसात बसते. एन ९५ मास्क मागा, तो देणं कारखान्याचं काम आहे.

प्रश्न: माझ्या २४ वर्षांच्या मुलीचं नाकाच्या हाडाचं ऑपरेशन ठरलंय, क्लेम मंजूर आहे. नाकावर थोडा उंचवटा आहे, स्थळं बघतोय, तर त्याच भुलीत तोपण काढून टाकावा आणि मेडिक्लेममध्येच बसवावा असं नातेवाईक सुचवतात. जमेल का?

उत्तर: काका, एकाच भुलीत दोन्ही करता येतं, बरेच जण करतात. एकाच बिलात घालता येत नाही. आतल्या पडद्याचं बिल वेगळं, उंचवट्याचं वेगळं, सर्जनची फी, थिएटरचा जादा वेळ, भूल, सगळं आधीच हॉस्पिटलकडनं दोन भागांत लिहून घ्या आणि दुसरा भाग स्वतः भरा. नोट्समध्ये एक लिहिलेलं आणि क्लेममध्ये दुसरं असं सापडलं तर मंजूर झालेला पहिला भागसुद्धा अडकतो.

आणि काका, तुमच्या पत्रात नातेवाईक काय म्हणतात ते आहे, स्थळं काय म्हणतील ते आहे, मुलगी काय म्हणते ते कुठं नाही. तिला हवं असेल तर जरूर करा, त्यात कमीपणा काही नाही. पण डॉक्टरांकडं तिला एकटीला आत जाऊ द्या आणि तिलाच विचारू द्या. पडद्याचं ऑपरेशन सगळं आतनं होतं, बाहेर व्रण नाही, चेहरा बदलत नाही. उंचवटा काढणं म्हणजे हाड तासणं, सूज पूर्ण उतरून नाकाला शेवटचा आकार यायला वर्षभर जाऊ शकतं. लग्न चार महिन्यांत असेल तर ते कुणीतरी तिला सांगायला हवं.

प्रश्न: ३ लाखांची पॉलिसी, रूम दिवसाला ४,५०० ची, सगळे कागद बरोबर, तरी पैसे कापले. का?

उत्तर: रूम. तुमच्या पॉलिसीत रूमचं भाडं विम्याच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० पर्यंत, तुम्ही घेतली ४,५०० ची. कापताना फक्त वरचे दीड हजार कापत नाहीत, त्याच प्रमाणात सर्जन, भूल, थिएटर सगळ्याचा एक तृतीयांश कापतात. थिएटर आणि फी धरून ६०,००० झाले असतील तर मिळणार ४०,०००. औषधं आणि तपासण्या यांना ही कात्री लागत नाही, ती लावली असेल तर भांडा. एका रात्रीचा प्रश्न असतो हो, जनरल किंवा ट्विन शेअरिंग घ्या.

प्रश्न: सेप्टोप्लास्टी होऊन १२ दिवस झाले. घरचे सगळे जोतिबाच्या चैत्र यात्रेला निघालेत. मी गेलो तर चालेल का? कधीच चुकवली नाही.

उत्तर: या वर्षी नको दादा. मला माहितीय काय सांगतेय ते, आमच्या घरातपण सासनकाठी दिसल्याशिवाय चैत्र झाल्यासारखा वाटत नाही. पण वाडी रत्नागिरीला, जोतिबाच्या डोंगरावर, त्या दिवशी हवेतच गुलाल असतो, परत येणाऱ्या माणसाच्या भुवयासुद्धा गुलाबी असतात, आणि तुमच्या नाकात आत्ता ओली जखम आहे, खपल्या आहेत. गुलाल तिथं जाऊन बसला तर शिंका येणार, शिंकांनी रक्त येणार, इन्फेक्शनची भीती ती वेगळीच. वरनं गर्दीत कुणाचं डोकं, कुणाचं कोपर, काठी नाचवताना तर विचारूच नका. कूर्चा अजून धरलेली नाही.

अजून आठवडा-दोन आठवडे तरी नाक जोरात शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची, वजन उचलायचं नाही, खपल्या बोटानं काढायच्या नाहीत. नाकाला धक्का बसेल असा खेळ, कुस्ती, फुटबॉल, सहा आठवडे तरी बंद, आणि पुढं तुमचे डॉक्टर हो म्हणतील तेव्हाच. ताप आला, रक्त थांबेना झालं, किंवा मोकळं झालेलं नाक परत दोन्हीकडनं बंद झालं तर फोन न करता सरळ हॉस्पिटल गाठा.

घरच्यांना प्रसाद आणायला सांगा आणि गुलालाचे कपडे बाहेरच्या बाहेर झटकायला लावा. आणि ते खाऱ्या पाण्याचे पाऊच, स्प्रे, ड्रेसिंगला जाताय त्याच्या पावत्या, फेकू नका एकपण. बऱ्याच पॉलिसीत डिस्चार्जनंतर ६० दिवसांपर्यंतचा खर्च मिळतो, ॲडमिट व्हायच्या आधीच्या ३० दिवसांतला सीटी स्कॅनपण मिळतो. प्रत्येक पावतीसोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडा आणि पावतीवर तुमचंच पूर्ण नाव आहे ना, ते मेडिकलच्या काउंटरवरच उभं राहून वाचा.